जुन्या बंगल्याची जी. आय. लाइन काढून लवचीक पाइप टाकायचा विचार आहे, सल्ला हवा

रानजाई

नमस्कार. साताऱ्याचं आमचं घर १९७९ सालचं. तळमजला, वर एक मजला, गच्चीवर हजार लिटरची टाकी. सगळी पाण्याची लाइन जी. आय.ची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपाची, आणि भिंतीत गाडलेली. गेल्या दोन-तीन वर्षांत वरच्या न्हाणीघरातली धार इतकी बारीक झाली आहे की बादली लावून मी खाली येते, चहा करते, बाबांना देते, तरी ती भरलेली नसते. सकाळचं पहिलं तांब्याभर पाणी लालसर येतं, ते टाकूनच द्यावं लागतं. त्यात या पावसाळ्यापासून स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला ओल धरली. पाऊस संपला, पण ओल गेली नाही. ओट्याच्या वर हातभर पोपडे सुटलेत.

मागच्या आठवड्यात प्लंबरने ओट्याखालचा एक तुकडा कापून बदलला. कापलेला तुकडा मी ठेवून घेतला आहे. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो. आत मात्र गंजाच्या गाठी एकीवर एक चढल्यात आणि मधे पेन्सिल जाईल एवढंच भोक राहिलंय, तेही सरळ नाही. बाबा (वय ८३) तो तुकडा बराच वेळ हातात धरून बसले होते. घर बांधताना ते रोज साइटवर असायचे. प्लंबर पाइपाला आटे पाडत असताना डायवर तेल सोडायचं काम ते स्वतः करायचे, असं त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितलंय.

आता पूर्ण लाइन बदलायची हे नक्की. प्लंबर म्हणतो सी. पी. व्ही. सी. (जोड चिकटवून बसवायचा कडक प्लास्टिक पाइप) टाका. मावसभावाने पुण्यात गुंडाळीत येणारा लवचीक पाइप टाकला, तो म्हणतो भिंतीत एकही जोड येत नाही, हाच टाक. बाबा म्हणतात, प्लास्टिक भिंतीत गाडायचं नाही, पुन्हा जी. आय.च टाका, ती पंचेचाळीस वर्षं चालली. ज्यांनी हे काम करून घेतलंय किंवा जे हे काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. भिंती एकदाच फोडायच्या आहेत.

मुक्काम_ठाणे

आम्ही फ्लॅटमध्ये सी. पी. व्ही. सी. केलं, नऊ वर्षं झाली, काही त्रास नाही. पाइपाची किंमत बघून ठरवू नका. खरा खर्च भिंत फोडणं, मलबा उचलणं आणि टाइल्स परत लावणं यात जातो. जुन्या टाइल्सचा रंग बाजारात मिळत नाही, त्यामुळे एक भिंत फोडली की पूर्ण न्हाणीघर करावं लागतं.

जलरेषा

रानजाई, कुठला पाइप ते नंतर ठरवू. आधी बादली मोजा.

वीस लिटरची बादली घ्या. घरातले बाकीचे सगळे नळ बंद ठेवा. वरच्या न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून घड्याळ लावा. मग तसंच खाली स्वयंपाकघरात. मग गच्चीवर, टाकीच्या तोंडाशी जिथे युनियन (खोलता येणारा जोड) असेल तिथे प्लंबरला खोलायला सांगून थेट मोजा. तीन आकडे इथे लिहा. पुष्कळदा टाकीखालचा गेट व्हॉल्व्हच आतून गेलेला असतो आणि लोक भिंती फोडत बसतात.

(मी सिव्हिल इंजिनिअर, निवृत्त. पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं.)

सांधेजोड

ताई नमस्कार. नाशिकला प्लंबिंगचं काम करतो, २६ वर्षं झाली. वडीलही हेच करायचे.

तुमच्या बाबांच्या बोलण्यात चूक नाही. त्या काळातली बी क्लास, सी क्लास पाइप जाड यायची. निळा पट्टा बी, लाल पट्टा सी. पिवळा म्हणजे ए क्लास, हलकी. पण जी. आय. मरते ती आट्यांवर. आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो, लोखंड उघडं पडतं आणि तिथेच पाइपाची जाडी सगळ्यात कमी राहते. त्या आट्यावर पितळी कॉक बसवला तर गंज आणखी लवकर धरतो, कारण दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की त्यातलं लोखंड झिजतं. तुमच्या ओट्यामागची ओल एखाद्या एल्बोच्या (वळणाच्या जोडाच्या) आट्यातूनच येत असणार. तुकडा बदलत राहिलात तर दर वर्षी पुढचा सांधा फुटेल. जुन्या पाइपाला पाना लावला की बाजूचा सांधा हलतो, हे मी शंभरदा बघितलंय.

लवचीक पाइपाबद्दल. आपल्याकडे दोन प्रकार मिळतात. एक कंपोझिट, म्हणजे आत-बाहेर प्लास्टिक आणि मधे ॲल्युमिनियमचा पत्रा. वाकवला की वाकलेला राहतो. दुसरा पेक्स, नुसता प्लास्टिकचा, वाकवला की परत सरळ व्हायला बघतो, क्लॅम्प मारून धरावा लागतो. दोन्हींचा खरा फायदा तुमच्या मावसभावाने सांगितला तोच. गुंडाळी असते, त्यामुळे एका कॉकपासून दुसऱ्या कॉकपर्यंत अखंड तुकडा जातो. भिंतीच्या पोटात सांधा नाही म्हणजे गळायला जागा नाही. पण हे काम माहीत नसलेल्या माणसाकडून करून घेऊ नका. माझ्या बघण्यातली गळती पाइपाची क्वचित, फिटिंगचीच जास्त. पाइप वाकडा कापलेला, आतली कड रीमरने गोल न करता तसाच घुसवलेला, त्या धारेने ओ-रिंग (फिटिंगमधली रबरी कडी) कापली जाते. त्या दिवशी गळत नाही. सहा महिन्यांनी गळते.

रानजाई

जलरेषा काका, मोजलं. वरचं न्हाणीघर ९ मिनिटं २० सेकंद. खाली स्वयंपाकघर ४ मिनिटं. टाकीच्या तोंडाशी ५० सेकंद. म्हणजे गेट व्हॉल्व्ह ठीक आहे ना?

जलरेषा

व्हॉल्व्ह ठीक आहे, दोष लाइनमध्येच आहे. आता भिंती फोडायला हरकत नाही.

एक गोष्ट मन लावून वाचा, कारण लवचीक पाइपाच्या बाबतीत आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत इथे होते. टाकीतलं पाणी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा नळाला एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. तुमच्या वरच्या न्हाणीघराचा नळ पाण्याच्या पातळीपासून तीन मीटर खाली असेल. म्हणजे तीनशे ग्रॅम. इतक्या कमी दाबावर पाइपाचं आतलं माप हेच सर्वस्व. प्लंबर तुम्हाला म्हणेल अर्ध्या इंची जी. आय.ला १२१६ कंपोझिट टाकू, ‘तोच अर्धा इंच’. तो तोच नाही. १२१६ म्हणजे आतून १२ मिलिमीटर, बाहेरून १६. अर्ध्या इंची बी क्लास जी. आय. नवी असताना आतून सुमारे १६ मिलिमीटर असते. बारा आणि सोळातला फरक डोळ्याला कमी वाटतो, पण पाणी जायची जागा जवळजवळ निम्मी होते. शिवाय या पाइपाचं फिटिंग पाइपाच्या आत शिरतं, म्हणजे प्रत्येक टोकाला ते भोक आणखी लहान.

म्हणून टाकीपासून खाली येणारा मुख्य पाइप (उतार) २५३२ घ्या. फाटे १६२०. १२१६ फक्त वॉश बेसिन आणि फ्लशच्या टाकीला चालेल. पेक्स घेतलात तरी हिशोब तोच, २० मिलिमीटरचा पेक्स आतून १६ च असतो. एक माप वर घ्या, पैसे थोडे जास्त जातील, पण पुढची पंचवीस-तीस वर्षं बादली भरायला थांबावं लागणार नाही.

डॅलसकर

रानजाई, मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो आणि आमच्या घराची पूर्ण लाइन पेक्सने बदलून घेतली आहे. म्हणून लिहितो.

आमचं घर १९८४ चं, तांब्याची लाइन जमिनीच्या काँक्रीटखाली गेलेली. एका हिवाळ्यात बायकोच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात फ्रिजसमोरची एकच फरशी अनवाणी पायाला कोमट लागते. बाकीची फरशी थंडगार. मुलगी तिथे बसून अभ्यास करायची, तिला ते आवडायचं. ते गरम पाणी खाली झिरपत होतं. काँक्रीट फोडून एक गळती बुजवली की वर्षभरात दुसरी होते, असं तीन जणांनी सांगितलं. म्हणून खालची लाइन बंद करून तशीच सोडली आणि पेक्स माळ्यावरून फिरवून प्रत्येक भिंतीत वरून खाली उतरवला. दोन दिवसांत काम झालं. भिंतीत ठिकठिकाणी ताटाएवढी भोकं पडली, ती बुजवायला मात्र आठवडा गेला.

मग फेब्रुवारी २०२१ ची थंडी आली. दिवसचे दिवस वीज नाही, माळ्यावरचं पाणी गोठलं. शेजारच्या दोन घरांचे पाइप फुटले, छत खाली आलं. आमचा पेक्स गोठला, पण फुटला नाही, तो थोडा ताणला जातो. तरी तो गोठून फुटतच नाही असं कोणी सांगितलं तर खरं मानू नका. फिटिंग तडकतं. साताऱ्याला हा प्रश्न नाही, पण या पाइपाच्या गुणांमध्ये हाच गुण सगळीकडे पहिला लिहिलेला असतो, म्हणून सांगितलं. आपल्या घरासाठी त्याचा उपयोग शून्य.

आणि बाबांना प्लास्टिकची भीती वाटते त्याला आधार आहे. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात पॉलिब्युटिलिन नावाचा राखाडी लवचीक पाइप लाखो घरांत बसवला गेला. पाण्यातल्या क्लोरीनने तो आणि त्याची फिटिंग्ज आतून ठिसूळ झाली, बाहेरून काही दिसायचं नाही, आणि एके दिवशी फुटायचा. १९९५ मध्ये त्यावरच्या सामूहिक दाव्यात सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. पेक्स हा वेगळा पदार्थ आहे, पण ‘लवचीक प्लास्टिक’ म्हणून दुकानदार जे देईल ते घेऊ नका. पाइपावर मीटरमीटरला काय छापलंय ते वाचा. आमच्या पाइपावर दाब आणि तापमान दोन्ही छापलेलं आहे: २३ अंशांना १६० पी. एस. आय. (दर चौरस इंचाला पौंड), ८२ अंशांना १००. गरम पाण्यात त्याची ताकद एवढी उतरते.

जलरेषा

डॅलसकरांनी महत्त्वाचं लिहिलं. आपल्याकडे कंपोझिटवर आय. एस. (भारतीय मानक) १५४५० हवं, सी. पी. व्ही. सी.वर आय. एस. १५७७८, पी. पी. आर.वर (वितळवून जोडायचा प्लास्टिक पाइप) आय. एस. १५८०१. हे आकडे वहीत लिहून दुकानात घेऊन जा.

आणि गरम पाण्यासाठी आतला थर क्रॉसलिंक केलेला आहे का ते विचारा. साध्या पॉलिथिनमध्ये रेणूंच्या लांब साखळ्या नुसत्या एकमेकींत पडलेल्या असतात, तापल्या की एकमेकींवरून सरकतात आणि पाइप मऊ पडतो. क्रॉसलिंक म्हणजे गोधडीला घालतो तसे त्यांना आडवे टाके घातलेले. मग तो तापला तरी आकार सोडत नाही. म्हणूनच पेक्स वितळवून जोडता येत नाही की सॉल्व्हंट सिमेंटने (पाइप चिकटवायच्या द्रावाने) चिकटवता येत नाही, त्याला यांत्रिक फिटिंगच लागतं.

फेज_न्यूट्रल

सगळं पाण्याचं चाललंय, मी विजेचं विचारतो. मी वायरमन आहे, परवानाधारक. रानजाई ताई, तुमच्या घराचं अर्थिंग कुठे आहे?

७०-८० च्या काळातल्या कितीतरी घरांत मी बघितलंय, वेगळा अर्थिंगचा खड्डा न करता उघडी तांब्याची तार नळाच्या पाइपाला गुंडाळलेली असते. पाइप लोखंडी होता, जमिनीत गेलेला होता, म्हणून ते कसंबसं चालायचं. तो पाइप काढून प्लास्टिक टाकलं की त्या तारेचं दुसरं टोक हवेत. घरात कोणालाच कळत नाही, दिवे लागतात, पंखे फिरतात. आणि ज्या दिवशी गिझरचं एलिमेंट आत गळतं त्या दिवशी गिझरच्या अंगात करंट उतरतो आणि पाण्यातून माणसाला बसतो. पाइपाला हात लावायच्या आधी गिझरमागे, मीटरच्या बोर्डाखाली आणि मोरीत, जिथे जिथे पाइप उघडा आहे तिथे तार आहे का ते बघा. मेहेरबानी करून हे आजच करा.

रानजाई

तुमचा प्रतिसाद वाचून लगेच टॉर्च घेऊन गेले. खालच्या न्हाणीघरात गिझरच्या मागे, जी. आय. पाइपाला हिरवट पडलेली तार पाच-सहा वेढे गुंडाळून पिळलेली आहे. वरच्या बाजूला ती भिंतीत जाते. बाबांना विचारलं तर म्हणाले, हो, तेव्हा असंच करायचे. आमचा गिझर त्याच तारेवर आहे. लाइन बदलून आम्ही ती तोडून टाकली असती आणि कोणाच्या मनातही आलं नसतं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

फेज_न्यूट्रल

आभार नकोत. वेगळा अर्थिंगचा खड्डा करून घ्या, बोर्डापासून गिझरपर्यंत हिरवी वायर ओढा, ३० मिलिॲम्पियरचा आर. सी. सी. बी. (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. प्लंबर यायच्या आधी हे काम संपलं पाहिजे, नंतर नाही. तोवर गिझरचा स्विच बंद ठेवा आणि पाणी चुलीवर तापवा.

मुक्काम_ठाणे

हे मला माहीतच नव्हतं. आमची बिल्डिंग १९८२ ची आहे. उद्याच बघतो.

एक भर घालतो. आमच्या विंगमध्ये एकाने डक्टमधून लवचीक पाइप नेला होता, तो उंदरांनी कुरतडला. तीन मजले पाणी उतरलं. डक्ट, माळा, खोटं छत, जिथे उंदराला जागा आहे तिथे हा पाइप उघडा सोडू नका.

सांधेजोड

बरोबर. आणि उन्हातही नको. ताई, गच्चीवरून टाकीचा पाइप बाहेरच्या भिंतीवरून उतरत असेल तर तो भाग झाकून घ्या किंवा तेवढा दुसऱ्या पाइपात करा. पेक्सला ऊन चालत नाही. सी. पी. व्ही. सी.सुद्धा उन्हात रंग न लावता ठेवली तर पिवळी पडून ठिसूळ होते. पाण्यातला ॲक्रिलिक रंग लावायचा, ऑइल पेंट नाही. त्यावर एक सांगतो, सी. पी. व्ही. सी. वाईट नाही, मी अजूनही टाकतो. पण तुमच्याकडे जुन्या जाड विटांच्या भिंती, चार वळणं, आणि परत फोडायचं नाही म्हणताय, तर अखंड पाइप बरा.

तुमच्या प्लंबरला या गोष्टी सांगा. पाइप वाकवताना आत स्प्रिंग घालायची. वाकवताना चेपला तर तो तुकडा कापून फेकायचा, हाताने दाबून गोल करायचा नाही. पितळी फिटिंग भिंतीत जाणार असेल तर टेप गुंडाळायची, सिमेंट थेट लागू द्यायचं नाही. शक्य असेल तिथे पाइप पन्हाळी नळीतून घाला, म्हणजे उद्या बदलायचा झाला तर ओढून काढता येतो. आणि प्लास्टर करायच्या आधी हातपंपाने सात किलो दाब देऊन रात्रभर काटा बघायचा. एक लक्षात ठेवा, हा पाइप दाबाने थोडा फुगतो, म्हणून पहिल्या तासात काटा उतरतोच. घाबरायचं नाही, परत सातवर न्यायचा. त्यानंतर उतरला तर मात्र गळती शोधायची.

डॅलसकर

पहिले काही दिवस पाण्याला प्लास्टिकचा वास येईल. रोज सकाळी पाणी वाहू द्या आणि पिण्याचं पाणी त्यानंतर भरा. आमच्याकडे दोन आठवड्यांत गेला.

रानजाई

दोन महिन्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. काम झालं.

आधी अर्थिंगचा खड्डा आणि आर. सी. सी. बी. केलं. मग पाइप. शेवटी कंपोझिट घेतला, आतला थर क्रॉसलिंक असलेला. टाकीपासून २५३२, जिन्याच्या मधल्या वळणावर पितळी मॅनिफोल्ड, म्हणजे एका जाड नळीला ओळीने सात कॉक, आणि प्रत्येक कॉकपासून एकेका ठिकाणी अखंड १६२०. बेसिन आणि फ्लशला १२१६. प्लंबर पहिल्या दिवशी १२१६ चीच गुंडाळी घेऊन आला होता. मी जुना तुकडा आणि नवा पाइप शेजारी शेजारी धरून दाखवला, तेव्हा त्याने न बोलता परत नेली. बाहेरच्या भिंतीवरचा उतार पन्हाळी नळीत घालून वर पत्र्याचं झाकण केलं.

दाब द्यायच्या रात्री बाबांनी खुर्ची जिन्यात आणून ठेवली. साडेनऊला काटा सातवर होता. साडेदहाला साडेसहा. त्यांनी मला हाक मारली, आम्ही दोघांनी मिळून परत पंप मारला. मी झोपायला गेले, ते गेले नाहीत. पहाटे पाचला मी उठून बघितलं तर टॉर्च काट्यावर धरून बसलेले होते. काटा सातवरच होता. सकाळी प्लंबर आला तेव्हा त्यांनीच त्याला सांगितलं, ‘आता प्लास्टर कर.’

कॉकवरची नावं त्यांनी लाल रंगाने लिहिली आहेत. आधी भिंतींचे सगळे फोटो काढून त्यावर पाइप जमिनीपासून किती उंचीवर आहे ते लिहून ठेवलं, म्हणजे पुढे कोणी खिळा ठोकणार नाही. ओट्यामागची भिंत सुकायला सहा आठवडे लागले. आता रंग देणार आहोत.

आणि जलरेषा काका, वरच्या न्हाणीघरातली बादली: २ मिनिटं १० सेकंद.

जलरेषा

उत्तम. तीन मीटर उंचीला ही धार चांगली आहे. बाबांना माझा नमस्कार सांगा.

सांधेजोड

ताई, महिना झाला की उघड्या जागेतले सगळे नट एकदा हाताने तपासा. विशेषतः गिझरचे. गरम-गार होऊन ते सैल होतात. पाण्याचा थेंब दिसला तर दोन पाने लावून, एकाने फिटिंग धरून, पाव फेराच फिरवा. जास्त नाही, ओ-रिंग दबते.

रानजाई

आत्ता जाऊन बघितलं. गिझरच्या गरम बाजूला खरंच थेंब होता. मी मोठा पाना शोधेपर्यंत बाबा त्यांचे दोन जुने पाने घेऊन आले. पाव फेरा दिला, पुसून कोरडा कागद खाली ठेवला. तासाभराने बघितलं, कागद कोरडा आहे.